थेंब कुठून सुरू होतो? : आजोबांच्या येझदीची पेट्रोलगळती

आमच्या बेळगावच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीशेजारी अल्तार आहे. संध्याकाळी रोझरीच्या वेळी आजी तिथे मेणबत्ती लावते. खिडकीच्या पलीकडे व्हरांड्यात आजोबांची येझदी २५० उभी असते. आजोबा गेल्यापासून ती फारशी रस्त्यावर आलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आजीने काडीपेटी हातात घेतली आणि तशीच थांबली. "पेट्रोलचा वास येतोय गं."

बाहेर जाऊन पाहिलं तर कार्बुरेटरखाली फरशीवर तळहाताएवढा ओला डाग होता. पपांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "एक तर ही गळती थांबव, नाहीतर रविवारी भंगारवाल्याला बोलावतो." त्यांचं चुकत नव्हतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. खिडकीत मेणबत्ती आणि खाली गळकी गाडी, हे चालणार नव्हतं.

आधी या गाडीविषयी थोडं. जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांपासून झालं. १९२९ साली प्रागमध्ये ही कंपनी निघाली. भारतात रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरमध्ये या गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी जुनी येझदी कितीही 'नवी' असली तरी तिशीच्या आसपास आहे. पत्रा आणि लोखंड इतकी वर्षं टिकतं, रबर टिकत नाही. अशा गाड्यांच्या बऱ्याचशा गळतीचं मूळ या रबरातच असतं.

पेट्रोलचा रस्ता

येझदीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, इंजिन खाली, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. टाकीच्या तळाला कॉक, कॉकपासून नळी, नळीच्या शेवटी कार्बुरेटर. कार्बुरेटरच्या खालच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक छोटी सुई वरून येणारं पेट्रोल अडवते. आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तोच हिशोब. म्हणजे गळायला जागा मोजक्याच: टाकीचा पत्रा, कॉक, नळी, सुई आणि वाटीचा जोड.

माझी चूक

थेंब वाटीच्या खालून पडत होता, म्हणून मी वाटीचं गॅस्केट बदललं. थेंब थांबला नाही. मग जोडावर बाहेरून एम-सील थापलं. दुसऱ्या दिवशी ते साल निघावी तसं निघून आलं. येझदी टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, आणि तेलकट धातूवर लेप धरत नाही. शिवाय आतून पेट्रोल येतच होतं.

शेवटी आजोबांच्या ओळखीच्या मेस्त्रीचाचांना फोन केला. ते आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "थेंब पडतोय तिथं काय बघतीस गं पोरी? चालू कुठनं होतोय ते बघ की!"

या एका वाक्यात सगळं आलं. थेंब पडतो तो सगळ्यांत खालच्या टोकावरून. तो निघतो मात्र वर कुठेतरी, आणि नळीच्या बाहेरून ओघळत खाली येतो.

शोधायचं कसं

१. इंजिन गार असू दे. गाडी उघड्यावर घ्या. जवळ दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको. वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

२. टाकीतलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून ठेवा, आत अर्धा लिटरच राहू दे. कॉक, नळी, कार्बुरेटर कापडाने कोरडं पुसा.

३. सगळ्यावर खडूची पूड भुरभुरवा. खाली वर्तमानपत्र पसरा.

४. कॉक बंद ठेवून अर्धा तास थांबा. आताच पूड ओली झाली तर दोष कॉकमध्ये किंवा टाकीत. कोरडी राहिली तर कॉक उघडा आणि पुन्हा बघा. नळीचं टोक ओलं झालं तर नळी किंवा क्लिप. वाटीच्या कडेला ओल आली तर गॅस्केट. वाटी भरूनही पेट्रोल वाहतच राहिलं तर सुई किंवा फ्लोट.

टू-स्ट्रोक गाडीत एक सोय आहे. पेट्रोल उडून जातं, पण त्यातलं ऑइल मागे राहतं. त्यामुळे जुन्या गळतीची चिकट, काळपट रेघही वाट दाखवते. आमची रेघ थेट कॉकच्या दांडीपर्यंत गेली होती!

दुरुस्ती

कॉक खोलला. दांडीच्या मागे भोकं असलेली एक रबरी चकती असते. दांडी फिरवली की चकतीची भोकं वाटेसमोर येतात किंवा बाजूला सरतात. आमची चकती बिस्किटासारखी कडक होऊन चिरली होती. चकती नवी घातली, टाकी आणि कॉकमधला वायसर बदलला, जाळीतला गंज धुतला. नळीही बदलली, तीही पेट्रोलसाठीच बनवलेली घेतली. काही जण सलाइनची किंवा मासे ठेवतात त्या टाकीची पारदर्शक नळी लावतात. दिसायला छान, पण पेट्रोलने ती लवकर कडक होते आणि क्लिपपाशी चिरते.

तुमच्या गाडीत दोष सुईत निघाला तर सुईचं टोक नखाने चाचपा. त्यावर कडी उमटली असेल तर बदला. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटका आहे. तो बुडतो, म्हणून सुई बंद होत नाही. टाकीच्या पत्र्यालाच बारीक भोक असेल तर अंगाचा साबण घासून घरापर्यंत येता येतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण टाकी घरी डाग देऊन जोडायला जाऊ नका. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि ती फुटते.

आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवं. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. १० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं, २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. आणि त्या काळचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. तेव्हा बदलताना आजच्या पेट्रोलला टिकणारं रबर मागून घ्या.

आजोबांची सवय

लहानपणी मी टाकीवर बसून आजोबांबरोबर कॅम्पात जायचे. परत येताना आमच्या गल्लीचं वळण आलं की ते डावा हात टाकीखाली घालायचे. मला वाटायचं गुडघा खाजवतायत. चाचांनी सांगितल्यावर कळलं, ते कॉक बंद करायचे. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत यायची आणि उभ्या गाडीत कॉकखाली गळायला फारसं काही उरायचं नाही. त्यांच्यानंतर गाडी हलवणाऱ्या आम्हा कुणाला हे माहीत नव्हतं. कॉक महिनोन् महिने उघडा राहिला.

रविवारी भंगारवाला आला नाही. रात्रभर गाडीखाली पसरलेलं वर्तमानपत्र सकाळी पपांनी स्वतः उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, वास घेतला आणि काही न बोलता तेच वाचत बसले. संध्याकाळी आजीने मेणबत्ती लावली. गाडी मात्र आता आम्ही खिडकीपासून लांब, कुंपणाजवळ लावतो. गळती थांबली तरी अल्तार आणि पेट्रोल यांच्यात अंतर असलेलं बरं.