प्रवासी जहाजाचे पर्यटन-जहाजात रूपांतर : ‘आंग्रिया’च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना : जहाजाचा सांगाडा जितकी वर्षे टिकतो तितकी वर्षे त्याचे प्रयोजन टिकतेच असे नाही. प्रयोजन संपले की जहाज मोडीत निघते अथवा नव्या कामास लावले जाते. प्रस्तुत लेखात मुंबई-गोवा मार्गावरील ‘आंग्रिया’च्या आधारे या दुसऱ्या पर्यायाचा विचार केला आहे.

पूर्वायुष्य : १९९७ साली जपानमध्ये बांधलेले हे जहाज ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियो व चिचिजिमा बेट यांदरम्यान धावत असे. सुमारे १,००० किलोमीटरच्या या प्रवासास २५ तासांहून अधिक वेळ लागे. ओगासावारा बेटांवर नागरी विमानतळ नसल्याने तेथील रहिवाशांचे येणे-जाणे याच जहाजावर अवलंबून होते. त्याची जागा घेण्यासाठी २००५ मध्ये एक अतिवेगवान जहाज तयार झाले. परंतु इंधनाचे दर भडकल्याने ते सेवेत आलेच नाही. परिणामी जुन्या जहाजाचे आयुष्य वाढले व २०१६ मध्ये नवे जहाज आल्यावरच ते निवृत्त झाले.

रूपांतर : ऑक्टोबर २०१८ मध्ये हे जहाज ‘आंग्रिया’ या नावाने मुंबईहून गोव्यास निघू लागले. कान्होजी आंग्रे यांचे स्मरण त्या नावात आहे. त्यात खोल्या, उपाहारगृहे व पोहण्याचा तलाव आले. प्रवासीसंख्या साहजिकच घटली. मुंबई-मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. ताशी २२ सागरी मैल वेगाचे जहाज ते दहा-अकरा तासांत कापू शकते. तथापि ‘आंग्रिया’ दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचत असे. वाहतुकीत विलंब हा दोष ठरतो. पर्यटनात तोच विक्रीचा विषय होतो.

मर्यादा : बेटवासीयांची गरज बारमाही होती, पर्यटकांची हौस मात्र ऋतू व परिस्थिती पाहून चालते. पावसाळ्यात सेवा बंद ठेवावी लागे आणि २०२० मध्ये कोविडच्या साथीने ती थांबली. शिवाय एकेकाळी कोकणी चाकरमान्यांना बंदरोबंदरी उतरविणाऱ्या आगबोटींची उणीव या जहाजाने भरून काढली नाही; वाटेतील बंदरे त्याच्या मार्गात नव्हती.

निष्कर्ष : रूपांतराने जहाजाचे आयुष्य वाढते, परंतु त्याचा आधार बदलतो. गरजेवर उभी असलेली सेवा तोटा सोसूनही चालवावी लागते. हौसेवर उभी असलेली सेवा पहिल्याच संकटात थांबते. म्हणूनच किनारी जलवाहतुकीचे धोरण आखताना या दोहोंची गल्लत होऊ देणे इष्ट नाही.