राखाडी रंग कुणाशीही जुळतो?

घराचा रंग ठरवताना चारजणांचं एकमत होईना, की शेवटी कुणीतरी म्हणतं, "ग्रे लावून टाका, कशावरही जातो." राखाडीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच.

लाल भिंत कुठल्याही खोलीत लालच दिसते. राखाडीत मुळात रंगच इतका थोडा असतो, की शेजारी जे असेल त्याचा परिणाम त्याच्यावर लगेच उमटतो. सागवानी कपाट नारिंगीकडे झुकणारं तपकिरी. त्याच्या विरुद्ध बाजूचा रंग निळा. म्हणून डबा उघडताना अगदी तटस्थ वाटलेली भिंत कपाटाशेजारी निळसर दिसू लागते आणि दोष पेंटरवर जातो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे अशीच तक्रार आली होती: गालिच्यातला काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्याने तपासलं, तर रंगाईत खोट नव्हती, खोट शेजारच्या धाग्यांच्या रंगांत होती. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली आला. आपल्याकडच्या लाल कोब्याच्या घरांत आणखी एक भानगड असते. जमिनीवर ऊन पडलं की तांबूस उजेड उसळून भिंतीच्या खालच्या भागावर जातो. वर राखाडी आणि खाली गुलाबीसर, अशी एकच भिंत.

"पांढऱ्यात काळा स्टेनर टाकला की झाला ग्रे." होतो, पण कुठला? काजळीपासून केलेला काळा पांढऱ्यात मिसळला की निळसर छटा येते, लोहाच्या ऑक्साइडचा काळा किंचित तपकिरीकडे जातो. दुकानातलं मशीन म्हणूनच नुसता काळा टाकून थांबत नाही. थेंबभर पिवळा किंवा लाल घालून तोल सांभाळतं. हाताने कालवलेल्या रंगात दुसरी अडचण पुढे येते. वर्षभराने खिळ्याचं भोक बुजवून तेवढ्यावर रंग लावायचा म्हटलं, तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. मशीनच्या रंगाचा कोड मात्र लिहून ठेवता येतो. ठेवाच.

"उत्तरेच्या खोलीत ग्रे नको, ती थंड वाटते." हा सल्ला युरोपातल्या पुस्तकांतून आलेला आहे आणि तो तिथे खराही आहे. मुंबई मात्र १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं, ढग नसतील तर. हिवाळ्यात त्याच खोलीला फक्त आकाशाचा निळसर उजेड मिळतो. म्हणजे एकाच भिंतीचे मेमधले आणि डिसेंबरमधले राखाडी वेगळे. ज्या महिन्यांत खोलीत जास्त वावर असतो त्यांचा उजेड बघून ठरवावं, हे जास्त शहाणपणाचं.

राखाडीने खोली काळोखी होते, असंही म्हणतात. राखाडी नेमका किती गडद, त्यावर ते अवलंबून. डोळ्याला पांढऱ्या-काळ्याच्या बरोबर मध्ये वाटणारा राखाडी प्रत्यक्षात जेमतेम १८ ते २० टक्केच उजेड परत देतो, तर फिकट राखाडी साठ टक्क्यांच्या आसपास देऊ शकतो. शेड कार्डवर हा आकडा छापलेला असेल तर आधी तो बघा, नाव मागाहून. गडद भिंतीने खोली तापते, ही भीती मात्र सोडून द्या. उष्णता आत येते ती गच्चीतून आणि उन्हातल्या बाहेरच्या भिंतींतून. आणि मळ? ग्रेवर धूळ दिसत नाही हे बरंचसं खरं, पण गडद मॅट भिंतीवर हात घासला की चकचकीत पट्टा उमटतो. लहान मुलांच्या घरात तो पट्टा बरोबर त्यांच्या खांद्याच्या उंचीवर असतो.

राहिला शेवटचा आक्षेप: हे परदेशी फॅड आहे. दख्खनच्या काळ्या दगडातले वाडे, शहाबादी फरशी, कोटा, सारवलेली भुई. राखाडीची आपल्याला सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. उलट घरात शहाबादी असेल तर एक राखाडी आधीच ठरलेला आहे, भिंतीला त्याच्याशी जमवून घ्यावं लागेल. कोटा हिरवट असतो, त्याच्यावर जांभळट राखाडी बिघडतो.

तपासणी भिंतीवरच करावी. पुट्टी-प्रायमर झाल्यावर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, दोन हात, दोन वेगळ्या भिंतींवर. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं, म्हणून त्याच दिवशी निकाल देऊ नये. शेजारी कोरा पांढरा कागद धरला की लपलेली छटा उघडी पडते. आणि रात्री तोच दिवा लावून बघा जो पुढे राहणार आहे: ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखालचा राखाडी २७०० च्या पिवळसर बल्बखाली ओळखू येत नाही. आपल्याकडे रंग आधी होतो आणि दिवे गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी लागतात. राखाडीपुरता हा क्रम उलटा केला, तर पेंटरला परत बोलावण्याचा खर्च वाचतो.