पुणे–नागपूर: अंतर एक, वेळा अनेक

नागपुरात आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरचं एक तरी पोर पुण्यात नोकरीला आहे. दिवाळी जवळ आली की ‘काकू, विमानानं किती लागते जी?’ ही विचारणा माझ्याकडे येते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, म्हणून आधी विचारते, अंतर सांगू की वेळ?

अंतर एकदा मोजलं की झालं. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपुरातल्या सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ, सरळ रेषेत सुमारे ६०५ किलोमीटर. रस्त्यानं ते सातशेच्या वर जातं. रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत ८८०च्या घरात पोचते; नागपुरातल्या अजनीच्या वंदे भारतलाही १२ तास लागतात.

वेळेचं मात्र तसं नाही. एअरबस ए-३२०सारखं जेट उंचीवर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगानं जातं. भागाकार केला तर पाऊण तास. तिकिटावर दिसतात सव्वा ते दीड तास! कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची चाल, रांग, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. लढाऊ विमानांचा सराव सुरू असला की प्रवासी विमानाला थांबावं लागतं. कंपन्या अशा खोळंब्यासाठी थोडा वेळ आधीच धरून ठेवतात.

त्यात वारा. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देत उडतं आणि उतरतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला, की नागपूरला निघालेलं विमान लोहगावहून आधी पश्चिमेकडेच झेपावतं आणि मग वळतं. नागपूरला वायव्येचा वारा असला, तर गाव जवळ आलं तरी आग्नेयेला उमरेडच्या बाजूला जाऊन परत फिरावं लागतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरकस वारे वाहतात. नागपूरकडे येताना ते पाठीशी, पुण्याला जाताना समोर. म्हणून त्याच रेषेवर जाण्यायेण्याची वेळ सारखी नसते.

घड्याळ जुळवण्याची ही कसरत नागपूरला जुनीच. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि परत फिरत. चारही शहरांची अंतरं वेगवेगळी. मुंबई सातशेच्या आत, तर कलकत्ता हजाराच्या जवळ. तरी सगळ्यांनी एकाच सुमारास पोचायचं!

चढण-उतरण आणि जमिनीवरची चाल अंतर घटलं म्हणून घटत नाही. मुंबई–पुणे हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या मार्गाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. पण वेळ पाचव्या हिश्श्यावर येत नाही. म्हणून तिथे द्रुतगती महामार्ग विमानाला भारी पडतो, आणि पुणे–नागपूरला विमान परवडतं.

पोरांना मी दोनच आकडे देते. नकाशासाठी ६०५ किलोमीटर. आणि कोथरूडच्या खोलीचं कुलूप लावल्यापासून नागपूरच्या घराची बेल वाजेपर्यंत पाच तास. आई वरण-भाताचा कुकर दुसऱ्या आकड्यावर लावते.