कंपनीच्या नावाचे क्रियापद कसे होते?

‘उत्तर सापडत नसेल तर गूगल कर,’ असे मुले एकमेकांना सहज सांगतात. एका कंपनीचे नाव क्रियापदात कसे शिरले?

नवी कृती रूढ झाली की तिला सुटसुटीत शब्द लागतो. ‘इंटरनेटवर माहिती शोधणे’ हे लांबलचक होते. नुसते ‘शोधणे’ म्हटले, तर हरवलेली चप्पलही शोधता येते. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. तिचे नाव ‘गूगोल’ (एकावर शंभर शून्ये) या संख्येवरून आले. ते छोटे आणि उच्चारायला सोपे होते. इंग्रजीत नाम जसेच्या तसे क्रियापद म्हणून चालते. २००६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने या क्रियापदाची नोंद केली. मराठीची रीत वेगळी. आपण ‘फोन करणे’प्रमाणे ‘गूगल करणे’ म्हणतो. ‘शोध’वरून ‘शोधणे’ झाले, तसे काही जण ‘गुगलून पाहा’ असेही म्हणतात.

पण हा मान कंपनीला धोक्याचा वाटतो. नाव सर्वांचे झाले, की त्यावरचा हक्क जाऊ शकतो. ‘ॲस्पिरिन’ हे बायर कंपनीचे नाव होते. सामान्य ग्राहकाच्या लेखी ते त्या औषधाचेच नाव झाले आहे, असे अमेरिकेतील न्यायालयाने १९२१ मध्ये ठरवले. स्वीडनच्या भाषा परिषदेने ‘शोधयंत्राने न सापडणारे’ या अर्थाचा ‘ओगूगलबार’ हा शब्द नव्या शब्दांच्या यादीत घेतला होता. व्याख्येत आपला उल्लेख हवा, असा आग्रह कंपनीने धरला. परिषदेने २०१३ मध्ये तो शब्दच यादीतून काढला. लोकांच्या तोंडून मात्र तो कोण काढणार?

मग गूगलचा हक्क गेला का? नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने सांगितले, की नाव क्रियापद म्हणून वापरले एवढ्यानेच ते सामान्यनाम ठरत नाही.

हा फरक वर्गात तपासता येईल. ‘दुसऱ्या कंपनीचे –’ या शब्दांपुढे एकेक नाव ठेवून पाहा. ‘दुसऱ्या कंपनीचे झेरॉक्स मशीन’ आपल्याला खटकत नाही. ‘दुसऱ्या कंपनीचे गूगल’ खटकते. म्हणजे क्रियापद सर्वांचे झाले, नाम अजून एकाचेच आहे. मुलांना घरातील वस्तूंची अशी यादी करू द्या. विशेषनाम आणि सामान्यनाम यांची सीमा व्याकरणाच्या पुस्तकात आखलेली दिसते. प्रत्यक्षात ती बोलणारेच सरकवत असतात, हे त्यांना आपोआप उमगेल.