जुने औषध, नवा उपयोग : फुप्फुसाची इजा आणि स्टेरॉइडच्या गोळ्या

मागील आजारपणात उरलेली स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी आपल्या घरातील औषधांच्या डब्यात आहे काय? ‘मागच्या वेळी याच गोळीने दम कमी झाला होता’ असे म्हणून ती पुन्हा घेण्यापूर्वी, किंवा घरातील दुसऱ्या कोणास देण्यापूर्वी, ही माहिती कृपया वाचावी.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. श्वासातील प्राणवायू त्यांच्या पातळ भिंतीतून रक्तात जातो. न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, आगीचा धूर किंवा पाण्यात बुडणे अशा कारणांनी या भिंतींना तीव्र सूज येते, त्या पाझरू लागतात आणि हवेच्या जागी द्रव साचतो. रुग्ण जोराने श्वास घेतो, तरी प्राणवायू रक्तात पोहोचत नाही. ही फुप्फुसाची तीव्र इजा होय. अनेकदा ही हानी जंतूंपेक्षा शरीराच्या स्वतःच्या अनावर प्रतिकारामुळे अधिक होते.

अशा इजेवर संपूर्णपणे नवे औषध शोधण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून दुसऱ्या आजारांसाठी आधीच वापरात असलेली, दुष्परिणाम ठाऊक असलेली औषधे तपासून पाहिली जातात. डेक्सामेथासोन हे असेच एक औषध. दमा, ॲलर्जी, सांध्यांची सूज यांसाठी ते १९६०च्या दशकापासून वापरात आहे. ते स्वस्त आहे आणि सर्वत्र मिळते.

२०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत कोविडच्या सहा हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची तपासणी झाली. कोणास औषध द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, तर सोडतीसारख्या पद्धतीने ठरविले गेले, जेणेकरून तुलना निःपक्षपाती व्हावी. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या दर १०० जणांमागे सुमारे ४१ जण २८ दिवसांत दगावले. डेक्सामेथासोन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २९ होते. केवळ प्राणवायू लावलेल्या रुग्णांत ते २६ वरून २३ वर आले. त्याच महिन्यात भारताच्या आरोग्य मंत्रालयाने या औषधाचा समावेश मध्यम व तीव्र आजाराच्या उपचारांत केला.

मात्र याच चाचणीतील तिसरा आकडा लोकांपर्यंत फारसा पोहोचला नाही, आणि घरच्या डब्यातील गोळ्यांशी खरा संबंध त्याचाच आहे. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना या औषधाने काहीही लाभ झाला नाही. उलट मृत्यूचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १४, तर औषध घेणाऱ्यांत जवळपास १८ दिसले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. तरीही धोका पत्करावा असे त्यात काहीच नाही.

असे का होते? आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो आणि त्यास रोखण्याचे काम प्रतिकारशक्ती करीत असते. स्टेरॉइड त्याच शक्तीस आवर घालते. म्हणजे गोळी तीच. चौथ्या दिवशी घरी घेतली तर शत्रूस वाट मोकळी होते, आणि दहाव्या दिवशी रुग्णालयात, वायुकोश पाझरू लागल्यावर दिली, तर प्राण वाचू शकतो. मात्रा येथे मुद्दामच छापलेली नाही.

स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. २०२१ मध्ये देशभर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले; अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. शिवाय आपल्या देशात क्षयरोग आढळतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असता स्टेरॉइड घेतल्यास काही दिवस बरे वाटते, ताप उतरतो आणि आतील क्षयरोग मात्र बळावतो. अशा खोकल्यासाठी गोळी नव्हे, थुंकीची तपासणी करावी. शासकीय आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.

प्रत्येक जुने औषध नव्या कामास उपयोगी पडतेच असे नाही. संधिवातावरील टोसिलिझुमॅब गंभीर कोविड रुग्णांच्या कामी आले. ज्याच्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, ते हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत निरुपयोगी ठरले.

दम्याचे रुग्ण श्वासावाटे जे औषध घेतात, त्यातही बहुधा स्टेरॉइड असते. त्याची मात्रा अल्प असते व ते प्रामुख्याने फुप्फुसातच काम करते. हे पत्रक वाचून ते बंद करू नये. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या अचानक थांबवू नयेत. शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते. मात्रा कशी कमी करावयाची, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, रुग्ण गोंधळल्यासारखा होणे, किंवा बोटावरील यंत्रात प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास डबा उघडण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाने आधी घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात.