चाकांचे बूट विकत घेताना

मागे एकदा डहाणू तालुक्यातील गंजाड येथे मुलांशी विज्ञानाच्या गप्पा मारायला गेलो होतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. गप्पा संपल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, "सर, बोटाने फिरवल्यावर ज्याचे चाक जास्त वेळ फिरते, ते स्केट्स चांगले ना?" तिच्या भावाने चिकूच्या वाडीत मजुरी करून दोन हजार रुपये साठवले होते. बहिणीला एका रांगेत चाके असलेले स्केट्स हवे होते. प्रश्न भौतिकीचा होता आणि पैसे कष्टाचे होते. तेव्हा घाईने उत्तर देणे बरे नव्हते.

फळीला जुनी बेअरिंगे ठोकून केलेली गाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी उतारावर पळवली असेल. स्केटच्या प्रत्येक चाकात अशीच दोन लहान बेअरिंगे असतात. बाहेरचा व्यास 22 मिलिमीटर, आतले भोक 8 मिलिमीटर. दुकानदार त्यांच्यावरचा 'एबेक' हा अंक दाखवून भाव वाढवतो. हा अंक बेअरिंगची मापे किती काटेकोर आहेत एवढेच सांगतो. पोलाद कसे आहे, वंगण कोणते आहे, हे त्यावरून कळत नाही. आता हिशेब करू. चाकाचा व्यास 76 मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे 24 सेंटिमीटर होतो. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना ते चाक मिनिटाला साधारण हजार-साडेदहाशे फेरे घेते. घरातल्या मिक्सरची मोटर याच्या कितीतरी पट वेगाने फिरते. इतक्या संथ कामासाठी वरच्या अंकाचे पैसे कशाला मोजायचे?

शिवाय बोटाने फिरवलेल्या चाकावर भार नसतो. घट्ट वंगण घातलेले, दोन्ही बाजूंनी झाकलेले बेअरिंग लवकर थांबते, पण धुळीत तेच टिकते. प्रत्यक्ष चालताना अडथळा होतो तो मुख्यतः चाकाचे रबरासारखे अंग दबून पुन्हा फुगते तेव्हा. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही उष्णतेत जाते. म्हणून पॉलियुरेथेनची चाके घ्यावीत. खेळण्यातल्या स्वस्त स्केट्सना पुष्कळदा कडक प्लॅस्टिकची चाके असतात. ती फरशीवर घसरतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा पायाला कळवतात. चाकावर 78ए, 85ए असे काही लिहिलेले असते. तो कठीणपणाचा अंक होय. खडबडीत जागेसाठी 80च्या आसपासचे चाक बरे.

रस्त्यावर 3 मिलिमीटर उंचीचा खडा आला असे समजा. चाकावर 10 किलोचा भार आहे. 76 मिलिमीटरचे चाक अगदी हळू त्यावर चढवायला सुमारे 4.2 किलोभाराएवढा आडवा जोर लागतो. सायकलच्या चाकाला मात्र जेमतेम 1.4. (त्रिज्या आणि उंची घेऊन बलाचे परिबल मांडा, उत्तर मिळेल.) म्हणूनच खडी उखडलेल्या रस्त्यावर सायकल जाते आणि स्केट अडतो. अडतो म्हणजे पाय थांबतो आणि आपण पुढे जातो!

मग मोठीच चाके घ्यावीत काय? 2023 साली चीनमध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या दोन्ही संघांनी 3000 मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. शर्यतीच्या स्केट्सची चाके साधारण 110 ते 125 मिलिमीटरची असतात, बूट घोट्याच्या खाली संपतो आणि ब्रेक नसतो. ते पाहून मोह होतो, पण उंच चाकावर गुरुत्वमध्यही वर जातो आणि नवख्याचा घोटा वळतो. व्यायामासाठी 72 ते 80 मिलिमीटर चाके, घोट्याला धरणारा बूट आणि टाचेला ब्रेक हेच ठीक. अठराव्या शतकात मर्लिन नावाचा कारागीर लंडनमधील एका मेजवानीत चाकांच्या बुटांवर व्हायोलिन वाजवत आला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर आदळला, अशी कथा सांगतात. ब्रेकचे महत्त्व त्याला विचारावे.

बुटाच्या मापाची चूक मी स्वतः केली आहे. मुलीचा पाय वाढेल म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने दोन क्रमांक मोठे स्केट्स घेतले. टाच आत हलू लागली, तिसऱ्या दिवशी ती पडली आणि मनगटाचे हाड मोडले. बचत प्लास्टरमध्ये गेली. वाढत्या पायासाठी पुढचा भाग सरकवून तीन-चार क्रमांक वाढवता येणारे बूट मिळतात, तेच घ्यावेत. घालताना जाड मोजे घाला. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित सुटावीत आणि टाच मुळीच उचलू नये. दुकानात दहा मिनिटे घालून उभे राहा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

आणि दोन हजारांतले पहिले पैसे शिरस्त्राण व मनगटरक्षक यांना. दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले तर ते ताशी 19 किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर आपटते, मग तुम्ही जागच्या जागी उभे का असेनात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मनगटरक्षक न वापरणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला होता. उरलेल्या पैशांत नवे चांगले जमत नसतील तर वापरलेले चांगले घ्या. झिजलेली चाके बदलता येतात, फाटलेला बूट नाही.

"म्हणजे सर, रस्त्यावर नाहीच?" मुलीने विचारले. नाही. शाळेपुढचे सिमेंटचे अंगण रोज झाडून घ्यायचे आणि तिथेच. ती थोडी हिरमुसली. मग वहीचा कागद भिंतीला लावून तिने त्यावर पाऊल ठेवले, मैत्रिणीने पेन्सिलीने खूण केली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत 23.4 सेंटिमीटर भरले. मी म्हटले, "संध्याकाळी पुन्हा मोज. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो." कागदाची घडी तिने भावाला द्यायला दप्तरात ठेवली.