मापाने बेतलेले शहर

परक्या शहरात गेल्यावर ते पाहायचे कसे, याविषयी आपल्या मध्यमवर्गाची रीत बरीच वर्षे ठरून गेलेली होती. सकाळी आठला स्थलदर्शनाची बस पकडायची, चालकाशेजारी ध्वनिवर्धक घेऊन उभा असलेला गृहस्थ सांगेल ते ऐकायचे, ठिकठिकाणी वीस-वीस मिनिटे उतरायचे आणि सायंकाळी थकून मुक्कामी परतायचे. या बसमध्ये निवडीला वाव नसे. पण सर्वांच्या वाट्याला सारखेच येत असल्याने कोणाची तक्रारही नसे. अलीकडे मोठ्या शहरांतून दुसरी एक सोय झाली आहे. एक जाणता मार्गदर्शक केवळ आपल्यासाठी चार तास राखून ठेवतो, आपल्याबरोबर पायी हिंडतो, आणि कोठे जायचे, काय गाळायचे, किती चालायचे हे सारे आपल्या आवडीप्रमाणे ठरवून देतो. बस म्हणजे तयार कपड्यांचे दुकान मानले, तर ही शहरफेरी म्हणजे माप देऊन शिवून घेतलेला सदरा होय.

गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला कोलकात्यास जाण्याचा योग आला. शहर सर्वस्वी अपरिचित. हाताशी मोकळा दिवस एक. ज्या प्राध्यापक मित्राकडे उतरलो होतो त्याला वेळ नव्हता, म्हणून त्यानेच अशा एका मार्गदर्शकाचा दूरध्वनी क्रमांक दिला. हा तिशीतला तरुण इतिहासाचा पदव्युत्तर पदवीधर होता. त्याने आधी एक प्रश्नावली पाठविली. आपले गाव कोणते, व्यवसाय काय, किती चालवेल, खाण्याचे पथ्य काय, कशात रस आहे, काय टाळावे? मी उत्साहाने लिहिले की, मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. मला मंदिरे नकोत, खरेदी नको, व्हिक्टोरिया स्मारकही नको. मला जुने व्यापारी कलकत्ता दाखवा. चार तासांचे अडीच हजार रुपये ठरले. रक्कम एकट्या अध्यापकाला जड वाटावी अशी आहे, हे खरे. पण ती माणशी नसून फेरीची असते, त्यामुळे चौघे मिळून गेले तर बसच्या तिकिटाहून फार महाग पडत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

मागितले ते मला उत्तम मिळाले, यात शंका नाही. पूर्वीचा डलहौसी चौक, म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग, येथून आम्ही निघालो. लाल दिघीच्या उत्तरेला रायटर्स बिल्डिंगची लांबलचक तांबडी इमारत उभी आहे. रायटर म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा कारकून! थॉमस लायन याने १७७७ पासून पुढल्या तीन-चार वर्षांत ती या कारकुनांसाठी बांधली. पुढे तेथून बंगालचा कारभार चालला, १९३० च्या ८ डिसेंबरला तिच्याच दालनांत शिरून बिनय, बादल आणि दिनेश या तिघा तरुणांनी तुरुंगांच्या महानिरीक्षकास गोळ्या घातल्या, आणि २०१३ साली राज्याचे सचिवालय तेथून नदीपार हावड्यास हलले. ज्या देशातील निम्मा शिक्षित वर्ग कारकुनी करून जगला, त्या देशात कारकुनांसाठी बांधलेली वास्तू राजसत्तेचे आसन व्हावी, यात मला तरी एक प्रकारचे औचित्य दिसले. पश्चिमेला १८६८ चे घुमटाचे टपाल कार्यालय आहे. ते जुन्या किल्ल्याच्या जागेवर उभे असून, त्या किल्ल्याची भिंत कोठून जात होती हे दाखविणारी पितळी रेषा तेथे बसविलेली आहे. मार्गदर्शकाने ती बुटाच्या टोकाने दाखविली नाही, खाली वाकून बोटाने दाखविली. ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली.

तेथून १८३३ ची करन्सी बिल्डिंग पाहून आम्ही पूर्वीच्या क्लाइव्ह स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नेताजी सुभाष मार्गावर आलो. अँड्र्यू यूल, बर्ड, गिलँडर्स ही नावे आम्ही वर्गात 'व्यवस्थापन अभिकर्ता पद्धती' या शीर्षकाखाली शिकवीत आलो. एकाच कचेरीतून चहाचे मळे, तागाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी चालविणारी ही पद्धती १९७० साली कायद्याने संपली. जिचे वर्णन वीस वर्षे फळ्यावर केले ती गोष्ट दगड-विटांची, जिन्यांची, पितळी पाट्यांची होती, हे त्या रस्त्यावर उभे राहिल्यावर प्रथम जाणवले. लायन्स रेंजमध्ये शेअरबाजाराची इमारत आहे. १९०८ साली दलालांची संस्था स्थापन होण्यापूर्वी तिचे व्यवहार जवळच्याच एका कडुनिंबाखाली चालत. आज त्या इमारतीत सौदे होत नाहीत. ते २०१३ मध्ये थांबले. समोरच्या टपरीवर मातीच्या भांड्यातून चहा घेताना मी मार्गदर्शकाला १९५२ च्या मालवाहतूक दर समानीकरणाचे धोरण समजावून सांगू लागलो. पोलाद आणि कोळसा देशभर एकाच दराने मिळू लागल्यावर, खाणींच्या जवळ असण्याचा पूर्व भारताचा स्वाभाविक लाभ कसा नाहीसा झाला, आणि त्यात मुंबईचे कसे साधले, हे मी चांगले अर्धा तास सांगितले असेल. तो मन लावून ऐकत होता. मग माझ्या लक्षात आले की, चार तासांपैकी निम्मा वेळ मीच बोलत आहे, आणि पैसेही मीच देणार आहे!

सायंकाळी मित्राच्या घरी त्यांच्या वृद्ध मातोश्रींची भेट झाली. तेथील रिवाजाप्रमाणे मी त्यांना मासीमा म्हटले. मी महाराष्ट्रातून आलो हे कळताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची माणसे पूर्वी न कळविता येत असत. तुम्ही निदान कळवून आलात." मला काहीच उमगेना. तेव्हा त्यांनी नातवंडांना झोपविताना म्हटले जाणारे एक अंगाईगीत म्हणून दाखविले. बंगालच्या घराघरांतून ते अजून म्हटले जाते. त्यात बर्गी देशात आले आहेत, धान्य पाखरांनी खाल्ले आहे आणि आता सारा कसा भरावा, ही चिंता आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे मराठी स्वार. अंगाईगीतात थकलेल्या करभाराची काळजी यावी, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. आणि ती काळजी लावणारे आम्ही होतो.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने सालीना बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली आणि ओरिसाचा वसूल सोडला, तेव्हा ते प्रकरण मिटले. एवढे मला येत होते. शाळेत मी ते 'बंगालवरील स्वाऱ्या' या नावाने एका वाक्यात शिकलो होतो, आणि त्या वाक्याचा सूर विजयाचा होता. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ साली, मुख्यतः आपल्याच खर्चाने, शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला, आणि मराठे तेथवर आलेच नाहीत म्हणून तो तसाच राहिला. ही हकिगत मात्र त्या रात्री प्रथम कळली. त्या 'मराठा डिच'वरून कलकत्तेकरांना पुढे 'डिचर' असे टोपणनावही पडले. १७९९ च्या सुमारास खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. त्याचाच एक भाग म्हणजे आजचा आचार्य जगदीशचंद्र बसू मार्ग. मित्राच्या घरी येता-जाता टॅक्सीने मी तो दोनदा ओलांडला होता.

मी मार्गदर्शकाला दूरध्वनी केला आणि जरा त्राग्यानेच विचारले, "हे मला सांगितले का नाही?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सर, आपण बँका मागितल्या होत्या, खंदक मागितला नव्हता. शिवाय आपण गावाचे नाव लिहिले होते." पूर्वी आपल्याकडचेच एक कुटुंब आले असताना त्याने बर्गींची हकिगत सांगितली होती. पुढचा सारा रस्ता ती मंडळी मुकाट्याने चालली, आणि घरी गेल्यावर त्यांनी अभिप्रायात पाचांपैकी दोन तारे दिले. "त्या महिन्यात मला चार फेऱ्या कमी मिळाल्या. आता मी गाव बघून बेत आखतो."

त्याला दोष देणे सोपे आहे; पण तो देण्याआधी या व्यवसायाचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. जुना मार्गदर्शक पर्यटकाकडून थोडके पैसे घेई आणि उरलेले दुकानदाराच्या दलालीतून मिळवी. त्यामुळे प्रत्येक शहराचा इतिहास अखेर गालिच्यांच्या दुकानात जाऊन संपत असे. नवा मार्गदर्शक सगळे मोल ग्राहकाकडूनच घेतो, म्हणून दुकानाची सक्ती टळली. ही सुधारणा लहान नव्हे. पण तो आता ग्राहकाच्या प्रसन्नतेचा बांधील झाला. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडे गोष्ट झुकते. पूर्वी ती दुकानाकडे झुके, आता ती आपल्याकडे झुकते, आणि ती आपल्याकडेच झुकत असल्याने आपल्याला ती सरळ वाटते. अहमदाबादेत महानगरपालिकेने १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची एक वारसाफेरी चालविली आहे. तिचा मार्ग ठरलेला. तीतही काही गाळले जात असेल; पण कोण चालतो आहे हे पाहून मंदिर किंवा मशीद गाळली जात नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती ग्राहकाच्या बाजूची आहे. माहितीच्या बाजाराविषयी केनेथ ॲरो यांनी १९६२ साली असे दाखविले की, माहितीचे मोल ती हाती येईपर्यंत घेणाऱ्याला कळत नाही, आणि हाती आल्यावर तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. प्रश्नावली भरताना मी नेमका याच पेचात होतो. मला जे ठाऊक होते तेच मी मागू शकलो, म्हणून मला क्लाइव्ह स्ट्रीट मिळाला. सदऱ्याचे माप देता येते, कारण आपल्या खांद्याची रुंदी आपल्याजवळच असते. अपरिचित शहराचे माप आपल्याजवळ कोठून असणार? मार्गदर्शकाला फेरीपूर्वीच सांगावे की, चारांतला एक तास तुमचा. मी न मागितलेले, आणि वाटल्यास मला न रुचणारे दाखवा. मी तसे सांगितले नव्हते. सांगितले असते, आणि भर चौकात त्याने बर्गींची कथा सुरू केली असती, तर माझाही चेहरा त्या कुटुंबासारखा उतरला नसता, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळचे दोन तास मी त्याचेच पुन्हा घेतले आणि आम्ही उत्तरेला बागबाजारात गेलो. तेथे 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. पाहण्यासारखे तेथे काही नाही. सार्वजनिक नळावर दोघे स्नान करीत होते. पाटीवर नाव होते, इतकेच. या वेळी बोलण्याचे काम सर्वस्वी त्याचे होते. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ मध्ये या स्वाऱ्यांवर बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिले, त्यात गावे कशी ओस पडली हे त्याने सांगितले. अपुरा खंदक १७५६ साली सिराजउद्दौला चालून आला तेव्हा काहीच कामाला आला नाही, हेही सांगितले. माझ्याकडे न पाहता तो बोलत होता. मग थोडे थांबून त्याने १७४४ मधली मानकऱ्याची हकिगत सांगितली. अलीवर्दीखानाने मराठी सेनापती भास्करराम कोल्हटकर याला तहाच्या बोलण्यासाठी म्हणून तंबूत बोलाविले आणि तेथेच सरदारांसह कापून काढले.

"हे मी बंगाली गिऱ्हाइकांना सांगत नाही," तो म्हणाला.

दोन तासांचे पैसे त्याने आदल्या दिवसाच्याच दराने लावले. मी दुसऱ्या दिवसाची सवलत सुचवून पाहिली. त्याने ती मानली नाही, आणि त्याचेच बरोबर होते. निघताना त्याने एक विनंती केली: अभिप्राय लिहाल तेव्हा बँकांविषयी अवश्य लिहा, गल्लीचा उल्लेख मात्र करू नका. अभिप्रायात मी तो केलेला नाही. येथे केला आहे, म्हणून त्याचे नाव दिलेले नाही.